मोजे देण्याआधी दाब मोजणारा दवाखाना

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पदपथावर चालताना माझे वडील नवव्या दिव्याच्या खांबापाशी थांबू लागले, तेव्हा घरात कोणालाही त्यात काही विशेष वाटले नाही. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. ते खांबाला हात टेकून उभे राहत, तळ्याकडे पाहिल्यासारखे करत, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा चालू लागत आणि जवळजवळ तेवढ्याच अंतरावर पुन्हा थांबत. वय ७१, शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभे राहून काढलेली चाळीस वर्षे, बारा वर्षांचा मधुमेह आणि त्याहून कितीतरी जुनी विडी, एवढे सगळे डोळ्यांसमोर असूनही हे दुखणे कशाचे आहे हे कळायला आम्हाला सात महिने लागले. त्या सात महिन्यांनंतर आम्ही ज्या दवाखान्यात पोचलो, त्याच्याविषयीचा हा अभिप्राय आहे. दवाखाना राजारामपुरीत आहे आणि बाहेरगावचे एक व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक, तिथे आठवड्यातून दोन दिवस येतात. मला त्यांच्याविषयी बरेच चांगले सांगायचे आहे, तशा काही तक्रारीही आहेत, त्यामुळे नाव घातलेले नाही. तिथे तपासणी कशी झाली ते मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे ज्याला अशा डॉक्टरांची गरज आहे त्याला दुसरीकडेही तीच अपेक्षा धरून जाता येईल.

आधीच्या सात महिन्यांविषयी थोडक्यात. पहिल्या ठिकाणी वेदनाशामक गोळ्या मिळाल्या. दुसऱ्या ठिकाणी कंबरेचा एमआरआय झाला, त्यात या वयात ज्या निघायच्या त्या मणक्याच्या झिजा निघाल्या आणि दुखण्याचे खापर त्यांच्यावर फुटले. मणक्यातील नस दबल्यानेही चालताना पाय दुखतो, हे खरे आहे. परंतु त्या दुखण्यात बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय सहसा आराम पडत नाही, आणि आण्णांना तर नुसते उभे राहिले तरी बरे वाटत होते. हा फरक ओळखायला कोणतेही यंत्र लागत नाही, एक प्रश्न पुरतो. तो प्रश्न आम्हाला पहिल्यांदा राजारामपुरीत विचारला गेला. मधल्या काळात एका औषधाच्या दुकानातून, काउंटरवरच्या मुलाच्या सल्ल्याने, मांडीपर्यंत येणारे घट्ट मोजे आणले गेले. ‘पाय दुखतात ना, मग हेच चालतात सगळ्यांना’ असे तो म्हणाला, पायाचे माप न घेताच एक जोड पुढे केला आणि आम्हीही मुकाट्याने पैसे दिले. आण्णांनी ते आठ दिवस घातले. नवव्या दिवशी बोटे गार पडल्यासारखी वाटतात म्हणून त्यांनी आपणहून काढून ठेवले. त्या मोज्यांविषयी पुढे लिहायचेच आहे.

भेटीची वेळ साडेअकराची होती आणि आत जायला पावणेदोन वाजले. डॉक्टरांनी आधी फाइल उघडली नाही. ‘काका, पायताण काढा, पँट गुडघ्याच्या वर घ्या आणि दोन्ही पाय इथे ठेवा,’ असे सांगून ते स्वतः स्टूल ओढून पायांशी बसले. सात महिन्यांत आण्णांचे पाय उघडे करून पाहणारे हे पहिले डॉक्टर होते, आणि या एका गोष्टीसाठी मी त्यांना पूर्ण गुण द्यायला तयार आहे. त्यांनी जांघेत, गुडघ्यामागे, घोट्याच्या आतल्या बाजूला आणि पावलाच्या वर, अशा चार ठिकाणी दोन्ही पायांच्या नाड्या बोटांनी चाचपल्या. उजव्या पावलावर त्यांची बोटे बराच वेळ थांबली. मग त्यांनी मला आण्णांची नडगी पाहायला सांगितली. उजव्या नडगीवरचे केस जवळजवळ गेलेले होते, कातडी ताणल्यासारखी चमकत होती आणि अंगठ्याचे नख जाड, पिवळे झाले होते. मी रोज त्यांच्यासमोर बसून चहा घेते, पण हे मला कधी दिसले नव्हते. पाय मिनिटभर वर उचलून धरल्यावर तळवा पांढुरका पडला आणि पलंगाखाली सोडल्यावर काही क्षणांनी गडद लाल झाला. त्यानंतर नायलॉनच्या बारीक तारेसारखा एक धागा तळव्यावर ठिकठिकाणी टेकवून ‘आता लागलं का’ असे त्यांनी विचारले. दहा ग्रॅमच्या दाबाला वाकणारा हा धागा मधुमेहींच्या पायाची संवेदना तपासण्यासाठी असतो. उजव्या अंगठ्याखाली आण्णांना तो कळला नाही. नव्या कोल्हापुरी पायताणाचा पट्टा ज्या जागी घासत होता तिथला लहानसा घट्टा त्यांना दुखत का नव्हता, याचे उत्तर आम्हाला तेव्हा मिळाले.

यानंतरची तपासणी या दवाखान्यातील सर्वांत मोलाची आणि तरीही सर्वांत स्वस्त आहे. तिचे नाव एबीआय, म्हणजे घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारे गुणोत्तर. सहायक मुलीने आण्णांना दहा मिनिटे उताणे झोपवून ठेवले आणि तेवढ्या वेळात एक शब्दही बोलू दिला नाही, जे आमच्या घरात कोणालाही जमलेले नाही. मग दोन्ही दंडांवर आणि दोन्ही घोट्यांवर रक्तदाबाचा पट्टा बांधून, पेनाएवढ्या डॉप्लर यंत्राचे, म्हणजे वाहत्या रक्ताचा आवाज ऐकवणाऱ्या यंत्राचे, टोक जेल लावून नाडीवर धरून, तिने दाब घेतले. निरोगी धमनीचा आवाज ठेका धरल्यासारखा, तुटक आणि स्पष्ट येतो; तो तिने आधी माझ्या पायावर यंत्र धरून ऐकवला. आण्णांच्या डाव्या पायात तो मंद होता, आणि उजव्या पायात पंपातून हवा सुटावी तसा नुसता एकसुरी फुसफुसाट. दोन दंडांपैकी जास्त असलेला दाब १४८ आला, डाव्या घोट्याचा १२४ आणि उजव्या घोट्याचा ९६. भागाकार माझ्यासमोर कागदावर झाला, डावा ०.८४ आणि उजवा ०.६५. हे गुणोत्तर १ ते १.४ च्या दरम्यान असणे ठीक मानतात आणि ०.९ किंवा त्याहून कमी आले तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्याचे निदान होते. निदान त्या कागदावर चार ओळींत झाले. त्याआधी एमआरआयला आम्ही त्याच्या कितीतरी पट पैसे मोजले होते.

या तपासणीला एक मर्यादा आहे आणि ती डॉक्टरांनी न विचारता सांगितली, हे मला आवडले. जुन्या मधुमेहात आणि मूत्रपिंडाच्या आजारात धमन्यांच्या भिंतींत कॅल्शियम साठून त्या कडक होतात, पट्ट्याने दाबल्या जात नाहीत, आणि मग आकडा खोटाच चांगला येतो, कधी १.४ च्याही वर जातो. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब घ्यावा लागतो, कारण तिथल्या बारीक धमन्या सहसा कडक होत नाहीत. अंगठ्याचा दाब घेण्याचा छोटा पट्टा या दवाखान्यात नाही. ज्या शहरात मधुमेहाचे रुग्ण घरोघरी आहेत तिथे रक्तवाहिन्यांच्या दवाखान्यात तो असायला हवा होता. आमचा आकडा मुळातच कमी आल्यामुळे आमचे त्यावाचून अडले नाही, परंतु ज्याचा आकडा मधुमेह असताना अगदी छान येतो त्याने हा प्रश्न जरूर विचारावा.

आता ते मोजे. मी पिशवीतून काढून दाखवले तेव्हा डॉक्टरांनी ते हातात घेऊन ताणून पाहिले आणि आण्णांच्या घोट्यामागे, जिथे मोज्याची घडी बसत होती तिथली फिकट जांभळी रेघ बोटाने दाखवली. त्यांनी जे समजावून सांगितले ते माझ्या शब्दांत असे आहे. धमनी हृदयाकडून रक्त खाली आणते आणि शीर ते परत वर नेते. शिरेतील झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचते, पाय सुजतो, शिरा फुगतात. तिथे बाहेरून दाब दिला की रक्त वर चढायला मदत होते, म्हणून हे मोजे त्या दुखण्यावर उपचार आहेत. आण्णांच्या पायात मात्र रक्त मुळातच कमी दाबाने पोचत होते. त्यावर बाहेरून आवळणे म्हणजे आधीच बारीक धार येणाऱ्या नळीवर पाय देऊन उभे राहण्यासारखे आहे. त्यातून जखम झाली असती तर ती भरून यायला लागणारे रक्तही तिथे पोचले नसते, आणि संवेदना गेलेली असल्यामुळे जखम झाल्याचे आण्णांना कळलेही नसते. म्हणूनच दाबाचे मोजे देण्याआधी घोट्याचा दाब मोजायचा असतो. हे मोजे कोल्हापुरात कोणत्याही दुकानात, चिठ्ठी न दाखवता, हातमोज्यांच्या शेजारी टांगलेले मिळतात. विकणाऱ्याला त्यात काही चुकीचे वाटत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही, कारण मोजे म्हणजे शेवटी कपडाच असा आपला समज असतो.

गंमत अशी की त्याच दिवशी तेच मोजे, म्हणजे त्याच जातीचे, मला घालायला सांगितले गेले. मी हायस्कूलमध्ये शिकवते, बावीस वर्षे फळ्यासमोर उभी आहे आणि डाव्या पोटरीवर गांडुळासारखी वेडीवाकडी फुगलेली शीर गेली पाच-सहा वर्षे साडीखाली झाकून आहे. संध्याकाळी पाय जड होतो, घोट्याभोवती सूज येते, सकाळपर्यंत उतरते. आण्णांचे आटोपल्यावर डॉक्टरांनी माझ्याही पायाकडे पाहिले आणि शिरांचा डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह पडद्यावर दाखवणारी सोनोग्राफी, करायला सांगितला. तो झोपवून नव्हे, उभे करून केला. मी एका बुटक्या पायरीवर, सगळा भार उजव्या पायावर देऊन उभी होते आणि तपासणाऱ्या डॉक्टर पोटरी दाबून सोडत होत्या. दाबताना पडद्यावर निळा रंग वर जात होता आणि सोडल्यावर लाल रंग खाली परतत होता. चांगली झडप लगेच मिटते. कातडीलगतच्या शिरेत अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ रक्त उलटे वाहिले तर झडप गळकी मानतात. माझा लाल पट्टा मी मनातल्या मनात दोन अंक मोजेपर्यंत दिसत होता.

दीड वर्षापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी माझी हीच तपासणी आडवे झोपवून, जेमतेम पाच मिनिटांत झाली होती, आणि दोन्ही पायांना त्याच आठवड्यात लेझर करून घ्या, दोन पायांच्या पॅकेजला सवलत आहे, असे मला सांगण्यात आले होते. माझ्या उजव्या पायाची शीर आता उभ्याने तपासल्यावर निर्दोष निघाली. इथे एक गोष्ट न्यायाने लिहिली पाहिजे. लेझर ही काही फसवी पद्धत नाही. गळकी शीर आतून उष्णतेने बंद करण्याचा तो मान्यताप्राप्त उपचार आहे, पूर्वीसारखी शीर ओढून काढावी लागत नाही, माणूस त्याच दिवशी चालत घरी जातो, आणि ज्यांना त्रास आहे त्यांच्यासाठी मोज्यांपेक्षा तो अधिक टिकाऊ आहे, हे या डॉक्टरांनीही सांगितले. मोजे घातले की आराम पडतो, झडप दुरुस्त होत नाही. माझा आक्षेप आहे तो न तपासलेल्या पायाला सवलतीत उपचार देण्याला. इथे मला सांगितले गेले की कातडी काळवंडलेली नाही, जखम नाही, त्यामुळे घाई नाही. उन्हाळ्याच्या सुटीत डाव्या पायाचे करून घ्या, तोवर मोजे वापरा. माझे एबीआय १.०८ आले. मगच चिठ्ठीवर गुडघ्यापर्यंतचे, दुसऱ्या श्रेणीचे, म्हणजे घोट्याशी पाऱ्याचे २३ ते ३२ मिलिमीटर दाब देणारे मोजे लिहिले गेले. माप सकाळी, सूज नसताना, घोट्याच्या सर्वांत बारीक आणि पोटरीच्या सर्वांत जाड जागी घ्यायचे. अंथरुणातून उठताच घालायचे, झोपताना काढायचे. आणि साधारण सहा महिन्यांनी, लवचिकपणा गेला की, बदलायचे. पहिल्या दिवशी ते चढवायला मला वीस मिनिटे लागली आणि प्रार्थना चुकली. आता रबरी हातमोजे घालून चढवते, तीन मिनिटांत होते.

आण्णांच्या उपचाराकडे परत येते, कारण त्यात या डॉक्टरांची पारख दिसली. आम्ही मनाची तयारी अँजिओप्लास्टीची करून गेलो होतो. त्यांनी ती करायची नाही असे सांगितले, आणि सीटी अँजिओग्राफीही लिहिली नाही. चालतानाच दुखते, बसल्या जागी किंवा रात्री झोपेत दुखत नाही, जखम नाही, बोट काळे नाही, अशा पायाला पुढे फार थोड्यांच्या बाबतीत धोका होतो. फुगा घालून उघडलेली धमनी पुन्हा अरुंद होऊ शकते. आणि जी शस्त्रक्रिया करायचीच नाही तिच्यासाठी शरीरात रंगद्रव्य घालून मूत्रपिंडांवर ताण कशाला आणायचा, असे त्यांचे म्हणणे होते. खरा धोका त्यांनी वेगळाच दाखवला. पायाच्या धमन्यांत जे साचले आहे ते हृदयाच्या आणि मेंदूच्या धमन्यांतही साचत असते, आणि अशा रुग्णाचा पाय जाण्यापेक्षा त्याला हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येण्याची शक्यता जास्त असते. म्हणून ईसीजी आणि इको झाला, रक्त पातळ ठेवणारी एक गोळी आणि कोलेस्टेरॉल कमी करणारे स्टॅटिन सुरू झाले, आणि एलडीएल कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आणायचे ठरले. चालण्याचे अंतर वाढावे म्हणून सिलोस्टॅझॉल दिले, तेही इको पाहून, कारण हृदय कमकुवत असलेल्या रुग्णाला ते देत नाहीत. ते जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायचे असते. पहिला आठवडा आण्णांचे डोके दुखले, मग थांबले. पोटाची सोनोग्राफीही एकदा करून घेतली. धूम्रपान केलेल्या ६५ ते ७५ वयाच्या पुरुषांनी पोटातील महाधमनी फुगली आहे का हे एकदा पाहून घ्यावे, असा संकेत आहे. ती तीन सेंटिमीटर किंवा अधिक रुंद असेल तर फुगलेली मानतात आणि फुटेपर्यंत ती बहुधा काहीच जाणवू देत नाही. आण्णांची २.१ सेंटिमीटर निघाली. उलट, आरोग्य तपासणीच्या पॅकेजात हल्ली मानेच्या धमन्यांचा डॉप्लर सर्रास घालतात. पक्षाघाताची कोणतीच लक्षणे नसलेल्या सगळ्यांनी तो करण्याची गरज नाही, असे त्यांनी सांगून आमचे तेवढे पैसे वाचवले.

विडीवर मात्र तडजोड नव्हती. डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी दिवसाला किती, पहिली उठल्यावर किती मिनिटांनी, आणि कोणती सुटणे सर्वांत अवघड, असे तीन प्रश्न विचारले. आण्णांची अवघड विडी संध्याकाळची, उद्यमनगरातील जुन्या सोबत्यांबरोबरची होती. तंबाखूमुळे धमन्या आकसतात, त्यांचे अस्तर खराब होते, रक्त गोठण्याकडे झुकते, आणि सोडल्यावर याचा लाभ कोणत्याही वयात मिळतो. गोळ्या घेऊन विडी चालू ठेवणे म्हणजे एका हाताने भरून दुसऱ्या हाताने सांडणे, असे आईने तिथेच सुनावले, ते डॉक्टरांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागले असावे. मिश्री आणि तंबाखू मळून खाणे यातही निकोटीन असतेच; आमच्या ओळखीच्या कितीतरी बायका दात घासायचे म्हणून दिवसातून चार वेळा मिश्री लावतात आणि आपण व्यसनी आहोत असे त्यांच्या मनातही येत नाही. चाळिशीच्या आतल्या माणसाचे बोट काळे पडू लागले तर ‘बर्जर’ नावाचा आजार आठवावा, असेही डॉक्टर म्हणाले. १९०८ साली लिओ बर्जर यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले. तो जवळजवळ केवळ तंबाखू वापरणाऱ्यांनाच होतो आणि तंबाखू पूर्ण बंद करणे हाच त्यावरचा मुख्य उपाय आहे. दवाखान्यात १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडण्यासाठीच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा विनामूल्य क्रमांक मोठ्या अक्षरांत लावलेला आहे. आण्णांनी तो लावला नाही, मीच लावला. पण तिसऱ्या वेळी ते स्वतः बोलले. नोव्हेंबरपासून विडी बंद आहे. खाण्याबाबत मात्र डॉक्टर मवाळ निघाले. मटण आठवड्यातून एकदा, कट म्हणजे वरचा तेलाचा तवंग गाळून, मीठ वरून न घेता, असे सांगितल्यावर आण्णांचा चेहरा उजळला आणि आईचा पडला, कारण कट गाळायचा तिला.

सगळ्यात मोठे औषध रंकाळ्यावरच निघाले. दुखू लागले की थांबायचे हे आण्णा आधीही करत होते, फरक फक्त शिस्तीचा होता. पोटरीत गोळा यायला लागला तरी लगेच न थांबता दुखणे मध्यम होईपर्यंत चालायचे, मग पूर्ण ओसरेपर्यंत उभे राहायचे, पुन्हा चालायचे, असे सुरुवातीला तीस मिनिटे आणि हळूहळू पंचेचाळीस मिनिटे, आठवड्यातून किमान तीन दिवस, निदान बारा आठवडे. आण्णांनी जुन्या हिशेबाच्या वहीत खांब लिहायला सुरुवात केली. लेथवरचा माणूस असल्यामुळे नोंदी चोख आहेत. पहिल्या पानावर ‘९, ९, ८, पाऊस’ असे आहे आणि बाराव्या आठवड्यात ‘२०, २२, २१’. तीन महिन्यांनी एबीआय पुन्हा घेतले तेव्हा उजव्या पायाचे ०.६७ आले, म्हणजे जिथल्या तिथे. आण्णा हिरमुसले. डॉक्टरांनी सांगितले की चालण्याने अडथळा विरघळत नाही, स्नायू मिळेल तेवढ्या प्राणवायूवर जास्त काम करायला शिकतो, त्यामुळे आकड्याकडे नव्हे तर खांबांकडे पाहा. रोज रात्री पाय पाहण्याचे काम नातवाकडे आहे. तो मोबाईलचा दिवा लावून बोटांच्या बेचक्यांत पाहतो आणि भेग, फोड, लाली काही असेल तर ओरडून सांगतो. नवे कडक पायताण बंद झाले आहे, मऊ बंद बूट आले आहेत. या एका गोष्टीवर आण्णांची नाराजी अजून गेलेली नाही.

हे डॉक्टर आम्हाला मिळाले ते एका शेजाऱ्याच्या सांगण्यावरून, पण जाण्याआधी मी थोडी चौकशी केली होती. पाटीवर ‘लेझर तज्ज्ञ’ किंवा ‘व्हेरिकोज क्लिनिक’ असे लिहिलेले असणे ही पदवी नव्हे. एमबीबीएस आणि एमएसनंतर व्हॅस्क्युलर सर्जरीतील एमसीएच, किंवा पेरिफेरल व्हॅस्क्युलर सर्जरीतील डीआरएनबी, जी आधी डीएनबी म्हणून मिळत असे, ही या विषयाची खास पदवी होय. पायाच्या धमन्यांची अँजिओप्लास्टी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आणि काही हृदयरोगतज्ज्ञही करतात आणि चांगली करतात. फरक इतकाच की औषध, फुगा आणि बायपास हे तिन्ही मार्ग ज्याच्या हातात आहेत त्याला एकाच मार्गाचा आग्रह धरण्याचे कारण नसते. डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नावाने तपासता येते. त्याला पाच मिनिटे लागतात, आणि फ्रीज घेताना आपण याहून जास्त वेळ घालवतो. शस्त्रक्रिया ठरलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या यादीत ती आहे का आणि ते रुग्णालय योजनेत आहे का, हे दाखल होण्याआधी योजनेच्या मदतनीसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, विचारावे.

तक्रारी आता सांगते. ज्या दवाखान्यात येणाऱ्या निम्म्या लोकांची चालण्याचीच तक्रार आहे, तो दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. अठरा पायऱ्या आहेत, कठडा एकाच बाजूला आहे आणि तोही सातव्या पायरीपाशी हलतो. आमच्यासमोर पायाला पट्टी बांधलेल्या एका आजींना मुलाने पाठीवर घेऊन वर आणले. भेटीची वेळ देतात पण ती पाळत नाहीत. डॉक्टर बाहेरगावाहून येत असल्याने सकाळच्या सगळ्या वेळा पुढे सरकतात, आणि हे फोनवर कळवण्याची पद्धत नाही. मधुमेही माणसाला सव्वादोन तास उपाशी बसवणे बरे नव्हे. अहवाल केवळ इंग्रजीत मिळतात. तोंडी मराठीत सगळे उत्तम समजावून सांगतात हे खरे, परंतु घरी गेल्यावर आईला त्यातले काय वाचता येणार? तपासणी शुल्क ८०० रुपये आहे, एबीआय त्यातच धरतात. शिरांच्या डॉप्लरचे वेगळे पैसे घेतले आणि त्याची पावती मागितल्यावर मिळाली.

यापेक्षा गंभीर त्रुटी वेगळी आहे. पायाचे रक्त अचानक बंद होणे ही गोष्ट तासांची असते. पाय एकाएकी भयंकर दुखू लागला, पांढरा आणि गार पडला, बधिर झाला, बोटे हलेनाशी झाली, तर साधारण सहा तासांच्या आत रक्त सुरू व्हावे लागते, नाहीतर स्नायू मरू लागतात. एकच पाय अचानक सुजून पोटरी दुखू लागली तर शिरेत गुठळी असू शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर जीवावर बेतते; तेव्हा पाय चोळायचा नाही, रुग्णालय गाठायचे. हे सगळे डॉक्टरांनी आम्हाला नीट सांगितले. पण आठवड्याचे पाच दिवस ते कोल्हापुरात नसतात, मग अशा रात्री नेमके कुठे जायचे, या माझ्या प्रश्नाला स्वागतकक्षात ‘कुठल्याही मोठ्या हॉस्पिटलात’ एवढेच उत्तर मिळाले. दुसऱ्या भेटीत मी पुन्हा विचारले तेव्हा डॉक्टरांनी स्वतः फाइलच्या मुखपृष्ठावर, आत व्हॅस्क्युलर सर्जन उपलब्ध असणाऱ्या दोन रुग्णालयांची नावे आणि अपघात विभागाचे क्रमांक लिहून दिले. हा कागद प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत, न मागता, छापील स्वरूपात मिळाला पाहिजे.

एवढे असूनही मी तिथे पुन्हा जाणार आहे. माझ्या डाव्या पायाचे मे महिन्यात करायचे ठरले आहे आणि आण्णांची पुढची तपासणी त्याच दिवशी घेतली आहे, म्हणजे अठरा पायऱ्या एकदाच चढाव्या लागतील. मागच्या खेपेला ते मध्ये न थांबता चढले आणि वर पोचल्यावर हलणाऱ्या कठड्याचा बोल्ट बोटांनी चाचपून, पुढच्या वेळी येताना पाना घेऊन येतो, असे स्वागतकक्षातल्या मुलीला सांगून आले आहेत.